ध्येय आणि आखणी : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र

शाळेचे वर्ष संपत आले म्हणजे वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न येऊन उभा राहतो. पुढे काय करावयाचे? हा प्रश्न घरी वडीलधारी माणसे विचारतात, आलेगेलेले पाहुणे विचारतात, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर विद्यार्थी स्वतःलाच विचारतो. उत्तर मात्र पुष्कळदा उसने असते. शेजारच्या मुलाने जे केले ते, ज्या विषयात गुण अधिक पडले ते, किंवा आईबापांच्या मनात जे राहून गेले ते. अशा वेळी थोरांची चरित्रे वाचावीत असा उपदेश सर्वच करतात. परंतु बऱ्याच चरित्रांतील नायकास आपले ध्येय बालपणापासूनच लख्ख दिसत असते, आणि वाचणाऱ्या बिचाऱ्या मुलापुढे तर धुके पसरलेले असते! म्हणून या अंकाकरिता आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे, की ज्याचे पहिले ध्येय तरुणपणीच मोडले, दुसरे मध्येच अडले, आणि तिसरे उभे राहते न राहते तोच त्याच्या पायाखालची जमीन काढून घेण्यात आली. तथापि त्याचा हेतू काही अखेरपर्यंत सुटला नाही. ते पुरुष म्हणजे औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविणारे कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी गृहस्थ होते. अशा घरातील मुलाने पुस्तकी विद्येत नाव काढावे अशी अपेक्षा असणे स्वाभाविकच होय. पण लक्ष्मणरावांचे चित्त पाठांतरात रमेना. त्यांना दोनच गोष्टींचे वेड होते : चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे. त्या काळी चित्रकला म्हणजे पोट भरण्याचा मार्ग नव्हे, अशीच सामान्य समजूत होती, आणि यंत्रे जोडणे हे तर पांढरपेशा कुटुंबातील मुलाचे काम मानीतच नसत. वडिलांना मुलाचा हा कल रुचला नाही. अशा वेळी थोरले बंधू रामूअण्णा पुढे आले. धाकट्या भावाच्या शिक्षणाचा भार उचलण्याचे त्यांनी मान्य केले, आणि १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. आपणांपैकी अनेकांचे आज हेच वय आहे.

दोन वर्षे बरी गेली. चित्रकार होण्याचे स्वप्न आता हाताशी आले असे वाटत असतानाच एक गोष्ट उघडकीस आली. लक्ष्मणरावांच्या दृष्टीत रंगांधत्वाचा दोष होता. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना उमगतच नसे. हा दोष बहुधा जन्मतःच असतो, आणि त्याला औषध नाही. अभ्यासात कमी पडलेला विद्यार्थी अधिक कष्ट करून भर काढू शकतो. परंतु डोळ्यांनाच जो रंग दिसत नाही तो कष्टाने कसा दिसणार? ज्या एका गोष्टीसाठी वडिलांची इच्छा मोडली, भावाला खर्चात घातले आणि घर सोडले, तीच गोष्ट आता आपल्याला कधीही साधणार नाही, हे अठराव्या वर्षाच्या सुमारास कळणे किती दारुण असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

या प्रसंगी लक्ष्मणरावांनी जे केले त्यातच त्यांच्या पुढील आयुष्याची गुरुकिल्ली आहे, असे आम्हांस वाटते. काय गेले याबरोबरच काय उरले याचाही त्यांनी हिशेब केला. रंग गेले होते. रेषा शाबूत होती. प्रमाणबद्ध, काटेकोर रेषा ओढणारा हात आणि यंत्राची रचना चटकन ओळखणारी बुद्धी ही दोन्ही त्यांच्यापाशी होती. रंगपेटी बाजूस ठेवून त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रांचा अभ्यास धरला, आणि त्यात असे प्रावीण्य मिळविले की मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नव्या संस्थेत त्यांना त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून नेमण्यात आले. हीच संस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. लहानपणी ज्या दोन वेडांनी त्यांना पछाडले होते, त्यांपैकी एकाचा आधार तुटताच त्यांनी दुसऱ्याचा आधार घेतला, आणि पहिल्याचाही जेवढा भाग वाचविता आला तेवढा वाचविला.

मुंबईत असताना लक्ष्मणराव शिकवीत होते खरे, परंतु त्याहून अधिक ते स्वतः शिकत होते. यंत्रे उघडून पाहावी, पुन्हा जोडावी, परदेशातून येणारी यंत्रविद्येची मासिके वाचावी, असा त्यांचा क्रम असे. त्या दिवसांत सायकल हे वाहन आपल्याकडे अपूर्वाईचे होते. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावास पाठवीत, आणि रामूअण्णा तेथे त्या विकीत. इतकेच नव्हे, तर घेणाऱ्यास फी घेऊन त्या चालविण्यासही शिकवीत. दोघा भावांच्या या जोडधंद्यातूनच १८८८ साली किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव उदयास आले. यातील दूरदृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. नोकरी सोडून एकदम कारखाना काढण्याचे धाडस त्यांनी केले नाही. हातची नोकरी सांभाळून, भावाच्या साह्याने, लहानशा धंद्यात त्यांनी बाजाराची रीत, गिऱ्हाइकाचा स्वभाव आणि पैशाची आवकजावक यांचे शिक्षण घेतले. पुढे जेव्हा नोकरी सोडण्याची वेळ आली तेव्हा पाय टेकावयास जागा अगोदरच तयार होती.

ती वेळ लवकरच आली. संस्थेत बढतीची जागा निघाली असता लक्ष्मणरावांस डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली. परकीय राजवटीत असे प्रकार नित्याचेच होते, आणि पुष्कळांनी ते मुकाट्याने गिळलेही. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. हा नुसता रागाचा झटका असता तर आज आम्ही त्यांचे चरित्र लिहीत बसलो नसतो. परतल्यावर त्यांनी लहानसा कारखाना थाटला आणि आपल्या भोवतालच्या लोकांना कोणत्या यंत्राची गरज आहे याचा शोध आरंभिला. भोवताली होता शेतकरी. म्हणून पहिले यंत्र निघाले ते गुरांसाठी कडबा कापण्याचे, आणि त्यामागून निघाला लोखंडी नांगर.

या नांगराचे महत्त्व शहरातील मुलांच्या ध्यानी येण्यासाठी थोडे विवेचन करणे अवश्य आहे. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण ती नीट पालथी घालीत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळीची मुळे खोल जातात, आणि एकदा ती माजली की शेत हातचे जाते. लोखंडी नांगराचा फाळ खोल शिरतो आणि त्यामागील वाकलेला पत्रा मातीची वडी उलथून टाकतो. मुळ्या उन्हात पडून वाळतात. असे नांगर विलायतेहून येत, परंतु आपल्या मातीस, आपल्या बैलांस आणि आपल्या शेतकऱ्याच्या ऐपतीस मानवेल असा नांगर येथेच व्हावा, हा लक्ष्मणरावांचा हेतू होता. १९०३ साली त्यांचा पहिला नांगर तयार झाला.

नांगर झाला, पण तो घेणार कोण? लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष कालवते आणि ती नापीक होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. वाडवडिलांपासून चालत आलेली समजूत वादविवादाने जात नसते. ती डोळ्यांनी पाहिलेल्या पिकानेच जाते. पहिले थोडेसे नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. वाचकहो, ही दोन वर्षे क्षणभर डोळ्यांपुढे आणा. भांडवल तुटपुंजे, संसार वाढता, दुकानात न खपलेले नांगर, आणि लोक तर शेतीस विष घालणारे यंत्र म्हणून नाके मुरडणारे. या काळात लक्ष्मणरावांनी ध्येय बदलले नाही. नांगर मात्र सुधारीत नेला. एकाने घेतला, त्याचे रान स्वच्छ झाले, ते पाहून दुसऱ्याने घेतला, आणि अशा रीतीने मागणी हळूहळू वाढू लागली.

इतक्यात तिसरा आघात झाला. बेळगाव शहराची वाढ करण्याच्या योजनेत कारखान्याची जागा गेली, आणि नगरपालिकेने त्यांना तेथून उठण्यास सांगितले. मोठ्या कष्टाने मांडलेल्या भट्ट्या, यंत्रे आणि कारागीर घेऊन जावे तरी कोठे? या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. बाळासाहेब १९०९ साली गादीवर बसले होते. ते स्वतः चित्रकार होते, कारागिरीची त्यांना पारख होती, आणि लक्ष्मणरावांचा व त्यांचा परिचय पूर्वीपासूनचा होता. त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडावयास सांगितली आणि १०,००० रुपयांचे कर्जही दिले.

औंधचे संस्थान लहान आणि तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. राजधानीचे औंध गाव आजच्या सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, तर कुंडलचा भाग तेथून बराच दूर, आजच्या सांगली जिल्ह्यात. लक्ष्मणरावांनी राजधानीजवळची सोयीची जागा मागितली नाही. त्यांनी निवडला तो कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा ओसाड माळ. तेथे निवडुंगाचे रान माजलेले होते आणि सापांचा सुळसुळाट होता. मग तीच जागा का? कारण माळाला लागून आगगाडी होती. कच्चे लोखंड आणि कोळसा यावयाचा तो गाडीने आणि तयार नांगर जावयाचे तेही गाडीने. निवडुंग तोडता येतो, साप हाकलता येतात, पण रेल्वेचा रस्ता काही आपल्या इच्छेने वळविता येत नाही. कोणती अडचण कष्टाने दूर होणारी आहे आणि कोणती होणारी नाही, हे ओळखणे हा आखणीचा पहिला धडा होय. रंगांधत्वाने त्यांना तो धडा तरुणपणीच शिकविला होता.

मार्च १९१० मध्ये सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे यांसह लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. ते तेव्हा एकेचाळिसाव्या वर्षात होते. पत्नी राधाबाई यांनीही त्या उजाड वस्तीत संसार मांडला. रामूअण्णांनी वसाहतीची मांडणी आणि बांधकाम अंगावर घेतले. मंगेशराव रेगे हिशेब पाहू लागले. शंभूराव जांभेकर यंत्रकामात वाकबगार. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक इंजिनियर ठरले, आणि परीक्षांत यश न मिळालेले के. के. कुलकर्णी कारखान्याचा कारभार सांभाळू लागले. एवढेच काय, दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपविले, आणि त्यांनी तो विश्वास खरा केला. माणसाकडे पाहताना त्याचे काय बिघडले आहे याबरोबर त्याच्यापाशी काय उरले आहे हेही लक्ष्मणराव पाहत. कारण हाच हिशेब त्यांनी एकदा स्वतःसंबंधाने केला होता.

माळावर गाव वसले. त्यास किर्लोस्करवाडी हे नाव पडले, आणि पुढे रेल्वे स्टेशनही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. परंतु स्थिरस्थावर होते न होते तोच १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. परदेशाहून येणारे लोखंड व कोळसा दुर्मिळ झाला. नांगराला मागणी आहे, कारागीर तयार आहेत, पण ओतावयास धातू नाही, अशी स्थिती झाली. तेव्हा जेथे मिळेल तेथून जुने बीड व लोखंड जमविण्यात आले. कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांनी आपल्याकडील जुन्या तोफा यासाठी दिल्या. त्या तोफा वितळवून त्यांचे नांगर झाले.

यापुढील वाटचाल आम्ही थोडक्यात सांगतो. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याचे मुखपत्र म्हणून खबर हे नियतकालिक सुरू केले, आणि त्यातूनच महाराष्ट्रास सुपरिचित असे किर्लोस्कर मासिक वाढले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा माल वाडीत निघू लागला. ज्या वर्षी पहिला नांगर झाला त्याच वर्षी जन्मलेले पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रशाळेतून १९२६ साली पदवी घेऊन आले, आणि त्यांच्या काळात हा उद्योग हरिहर, बंगळूर व पुणे येथे पसरला. औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. लक्ष्मणरावांनी २६ सप्टेंबर १९५६ रोजी देह ठेवला. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आता विद्यार्थ्यांनो, या चरित्राकडे पुन्हा एकदा वळून पाहा. नांगराचा बिडाचा भाग कसा तयार होतो हे आपणांपैकी थोड्यांनीच पाहिले असेल. वितळलेले बीड एकदा ओतले की त्यात मागाहून फेरफार करणे फार अवघड. म्हणून प्रथम कागदावर मोजमापांसह रेखाचित्र काढतात. त्यावरून लाकडाचा हुबेहूब नमुना घडवितात. तो नमुना ओलसर वाळूत दाबून साचा तयार करतात, आणि मग कोठे धातू ओततात. यात एक मोठी मौजेची गोष्ट आहे. बीड निवताना आकसते. शंभर भागांत सुमारे एक भाग लहान होते. हे ठाऊक असल्यामुळे जाणता कारागीर लाकडी नमुना मुळातच तेवढा मोठा करतो. जो हे विसरतो त्याचा भाग नांगराला बसत नाही.

आयुष्याच्या आखणीचेही असेच आहे. आम्ही पुष्कळ मुले अशी पाहतो की ती एकदम धातू ओतू पाहतात. डॉक्टर होईन, इंजिनियर होईन, एवढे म्हटले की त्यांना वाटते ध्येय ठरले. परंतु ती नुसती इच्छा होय. ज्या इच्छेला मोजमाप नाही, ज्यात यंदा काय करावयाचे, पुढील वर्षी काय करावयाचे, खर्च किती, साह्य कोणाचे, हे मांडलेले नाही, ती इच्छा वाऱ्यावर जाते. उलट काही मुले रेखाचित्र उत्तम काढतात, पण आकसण्याला जागा ठेवीत नाहीत. आजारपण येईल, एखाद्या परीक्षेत अपयश येईल, घरची परिस्थिती पालटेल, याचा विचार त्यांच्या वेळापत्रकात नसतो. मग पहिल्याच धक्क्यास सगळा बेत मोडून पडतो. लक्ष्मणरावांच्या बेतांत अशी जागा असे. नोकरी असताना जोडधंदा होता, म्हणून नोकरी सुटल्यावर ते उघडे पडले नाहीत. बेळगावी असताना चांगल्या कामाने माणसे जोडलेली होती, म्हणून बेळगाव सुटल्यावर औंधचे दार उघडले. बाळासाहेबांचे साह्य हा भाग्याचा भाग होता हे आम्ही नाकारीत नाही. असे राजे सर्वांच्याच वाट्याला येत नाहीत. परंतु कोणाही अनोळखी इसमास १०,००० रुपये आणि माळाचा माळ कोण देतो? साह्य मिळण्याची पात्रता अनेक वर्षे अगोदर तयार करावी लागते.

पालकांनाही येथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. काशिनाथपंतांना मुलाचा कल पटला नाही यात त्यांचा दोष काढण्याचे आम्हांस कारण नाही. काळजीपोटीच आईबाप वाट अडवितात. पण रामूअण्णा नसते तर काय झाले असते? भावाला चित्रकार व्हावयाचे होते तेव्हा त्यांनी खर्च केला. ते फसले तरी त्यांनी साथ सोडली नाही. सायकली विकल्या, माळावर घरे बांधली. आपल्या पाल्याचे पहिले ध्येय मोडले म्हणजे त्याला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्याच्याजवळ बसून काय उरले आहे त्याचा हिशेब करावयास लावणारे माणूस घरात एक जरी असले तरी पुरे.

म्हणून येत्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक कोरा कागद घ्यावा. कोणी न सांगता आपला हात कोणत्या कामाकडे वळतो, ते त्यावर प्रामाणिकपणे लिहावे. त्या कामाची भोवतालच्या कोणत्या माणसांना गरज आहे, ते त्याखाली लिहावे. येत्या वर्षात मोजता येईल असे कोणते एक पाऊल टाकावयाचे, ते लिहावे. आणि ते पाऊल चुकले तर हाती काय उरेल, तेही लिहावे. कागद वडिलांना, आईला किंवा गुरुजनांना दाखवावा, जपून ठेवावा आणि दर वर्षी सुधारावा. पहिला आराखडा पुसावा लागला तरी खेद मानू नये. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावरून आजही गाड्या जातात. कोणास तिकडून प्रवासाचा योग आला तर खिडकीतून बाहेर अवश्य पाहावे. एके काळी जेथे निवडुंगाखेरीज काही नव्हते, तेथे एका माणसाने ओढलेल्या रेषा अद्याप उभ्या आहेत.